गाळल्यावर तुम्हाला हवं काय, फडक्यातलं की पातेल्यातलं?

प्रश्न थोडक्यात असा. एक दादा नोकरीसाठी कोल्हापुरात राहायला आलेत. आजी मूळची इथली, तिची स्वयंपाकाची वही त्यांच्या हाताला लागली. वहीत एका पानावर 'डाळ येळून निथळत ठेवावी', दुसऱ्यावर 'खोबरे फडक्यातून पिळावे', तिसऱ्यावर 'दही टांगावे, दाबू नये', आणि चिंचेपुढं नुसतं 'कोळून'. दादांचं म्हणणं, ही सगळी गाळण्याचीच कामं. घरात बारीक जाळीची स्टीलची गाळणी आणि मिक्सर असताना एवढा उपद्व्याप कशाला? म्हणून त्यांनी सगळं गाळणीतून काढलं, चमच्यानं दाबून दाबून. पांढरा रस्सा फाटला, पुरण पोळीतून बाहेर आलं आणि श्रीखंड वाटीत पसरलं. आता विचारतायत, गाळणी बदलू का?

दादा, गाळणीवर आळ घेऊ नका. ती बिचारी निर्दोष आहे.

मी सव्वीस वर्षं शिवाजी पेठेत घरगुती मेस चालवते. बुधवारी आणि रविवारी मटण, होळीला नि बेंदराला पुरणपोळीच्या ऑर्डरी, पाडव्याला नि दसऱ्याला श्रीखंड. त्यामुळं ही तिन्ही कामं हातातून शेकड्यांनी गेलीत, आणि तुम्ही केलेल्या चुका मीही केल्यात. माझ्या मते तुमची खरी अडचण गाळणी नाही. गाळायला घेण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारायची असते: मला खाली पडलेलं हवंय, की वर राहिलेलं? नारळाच्या दुधात खाली पडलेलं हवं असतं. चक्क्यात वर राहिलेलं. पुरणाच्या डाळीत दोन्ही हवं असतं, डाळ पुरणाला आणि पाणी आमटीला. किती दाबायचं, कधी दाबायचं आणि कशातून, हे या उत्तरावर ठरतं. तुमच्या आजीनं वेगवेगळे शब्द हौसेनं लिहिलेले नाहीत. येळणं, निथळणं, पिळणं, कोळणं ही हाताची वेगवेगळी कामं आहेत.

चक्क्यापासून घेते, कारण तिथं चूक सगळ्यात सरळ दिसते. दही म्हणजे एक नाजूक जाळी असते, तिच्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून बसलेला असतो. फडक्यात बांधून टांगलं की स्वतःच्या वजनानं पाणी हळूहळू सुटतं आणि जाळी जागेवर राहते. घाईनं दाबलंत तर ओलं दहीच फडक्याच्या छिद्रांत घुसतं. थोडं बाहेर येतं, उरलेलं छिद्रं बुजवतं, आणि मधलं पाणी मधेच कोंडतं. बाहेरून घट्ट, आत गिळगिळीत. खाली पडणारं पाणी बघत जा. ते हिरवट-पिवळं, नितळ असलं पाहिजे. पांढरं पडायला लागलं म्हणजे तुमचं श्रीखंडच पातेल्यात चाललंय.

किती वेळ टांगायचं हे हवेवर आहे. थंडीत रात्रभर टांगलं तरी चालतं. पाडव्याला चैत्राचं ऊन असतं, रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत नुसता आंबटढाण चक्का हातात येतो. मी उन्हाळ्यात तीन-चार तास बाहेर टांगते, मग तीच पुरचुंडी चाळणीत ठेवून चाळण पातेल्यावर आणि सगळं फ्रिजमध्ये. थेंब थांबले की मग मात्र वर वजन ठेवायला हरकत नाही. आजीचं 'दाबू नये' पहिल्या पाच-सहा तासांपुरतं आहे. शेवटच्या अर्ध्या तासाला मी स्वतः पुरचुंडीवर ताटली ठेवून वर वरवंटा आडवा ठेवते. म्हशीच्या एक लिटर दुधाच्या दह्याचा चारशे ग्रॅमच्या आसपास चक्का पडतो, दूध कसं आहे त्यावर थोडं इकडंतिकडं. तुम्हाला सहाशे ग्रॅम मिळाला असेल तर त्यात पाणी आहे, खूश होऊ नका.

आता वाटीत का पसरलं? साखर पाणी ओढते. चक्का जरा जरी ओला असेल तर साखर घातल्यावर तासाभरात ते पाणी बाहेर दिसतं. आणि तुम्ही साखर घालून मिक्सरला फिरवलं. पात्यानं दह्याची उरलीसुरली जाळीही मोडली, मग ताक व्हायला कितीसा वेळ? साखर घालून चक्का तासभर झाकून ठेवा, साखर विरघळू द्या आणि मग पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर हातानं घासून काढा. गुठळ्या मोडतात, घट्टपणा राहतो.

आता पांढरा रस्सा. इथं जरा जास्त बोलणार आहे, कारण रस्सा फाटला म्हणून लोक गाळणीला, नारळाला, कोल्हापूरच्या पाण्याला, कशालाही दोष देतात.

तुम्ही लिहिलंय, मटणाला दही-हळद लावून ठेवलं, शिजवलं, त्याच अळणीत, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यात, नारळाचं दूध घालून दहा मिनिटं खळखळून उकळलं. रस्सा तिथंच फाटला, गाळण्याचा त्यात काही संबंध नाही. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक बारीक थेंब, आणि त्यांना धरून ठेवणारी थोडी प्रथिनं. आंबट लागलं की ती प्रथिनं गोळा होतात. खळखळ उकळलं की होतात. जास्त मीठ एकदम पडलं तरी त्रास देतात. तुम्ही दही आणि उकळी दोन्ही दिलंत. पांढऱ्यासाठी मटण शिजवताना दही नको. हळदीबद्दल घराघरात मतं आहेत, कुणी चिमूटभर घालतात, पण मी पांढऱ्याचं अळणी वेगळं काढायचं असेल तर अजिबात घालत नाही. पिवळा रस्सा ताटात वाढून त्याला पांढरा म्हणायला मला जमत नाही.

आता गाळण्याचं. इथं तुम्हाला पडलेलं हवंय आणि सगळं हवंय, म्हणून जोर लावायचा. चमच्यानं गाळणीत दाबलं की फक्त खालच्या थरातून दूध निघतं. वरचा चोथा ओलाच राहतो, आणि बारीक कीस जाळीतून निसटून रस्सा जिभेला चरचरीत लागतो. फडक्यात चोथ्याला चारही बाजूंनी दाब बसतो. एवढ्यासाठी आजीनं पिळायला सांगितलंय.

अर्धा किलो मटणाला एक मध्यम नारळ धरा. खवून घ्या, पाऊण वाटी कोमट पाण्यात मिक्सरला फिरवा. कोमट म्हणजे बोट बुडवून धरवेल इतकं. फ्रिजमधला नारळ आणि माठातलं पाणी घेतलंत तर अर्ध्याहून जास्त चव चोथ्यात राहील. खोबरेल थंडीत बाटलीत गोठतं ना, साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली? खवलेल्या खोबऱ्यातही तेच होतं, गोठलेला स्निग्धांश कितीही पिळलं तरी बाहेर येत नाही. कढत पाणीही नको, तेल सुटतं आणि हात भाजतो तो वेगळाच.

फडकं पातेल्यावर पसरून मूठ-दोन मुठीच एका वेळी घाला. सगळं एकदम घालून गाठोडं करू नका, मधे दाब पोचत नाही. फडक्याची चारही टोकं एकत्र धरा, एका हातानं वर आवळून धरायचं आणि दुसऱ्या हातानं पीळ देत खाली यायचं. आधी धार पडते, मग थेंब, मग थेंबही थांबल्यासारखे वाटतात. इथं बरेचजण सोडून देतात. अजून दोन पीळ द्या. फडक्याच्या बाहेरच्या अंगाला साईसारखा घट्ट पांढरा थर येतो. तो चमच्यानं खरवडून पातेल्यात घ्या. माझ्या मेसवर नवीन आलेल्या मुली तो थर नळाखाली धुऊन टाकतात आणि मला दर वेळी ओरडावं लागतं. चोथा मुठीत दाबून सोडला की भुगा होऊन मोकळा पडला पाहिजे. ढेकूळ राहिली तर अजून दूध आहे. हे पहिलं, जाड दूध बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात दीड वाटी कोमट पाणी घालून पुन्हा फिरवा, पुन्हा पिळा. हे पातळ दूध.

खसखस तासभर तरी गरम पाण्यात भिजवा. कोरडी किंवा थोडी असली की मिक्सरमध्ये पात्याला चुकवत नुसती गोल गोल फिरते. काजू आणि पांढरे तीळ बरोबर घातले की त्यांच्या लगद्यात ती धरली जाते आणि वाटली जाते. हे वाटणही फडक्यातूनच, पण नारळाइतकं कसून नको. शेवटचा पीळ दिलात तर खसखशीची टरफलं आणि कडवटपणा उतरतो. पडलेलं हवं, पण सगळं नको, असं हे एक मधलं काम आहे.

रस्सा करताना क्रम असा ठेवा. अळणी तुमच्या त्या स्टीलच्या गाळणीतून गाळा, हाडांचे कण अडवायला तिच्यासारखं काही नाही. वरचा तवंग थोडा काढून घ्या. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडे, मिरी, हिरवी मिरची, त्यावर वाटण, मग अळणी आणि हे सगळं नीट उकळून घ्या. उकळायचं ते इथंच उकळायचं. मग आच बारीक, पातळ दूध, ढवळत राहायचं. मीठ चाखून. जाड दूध अगदी शेवटी, आणि पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. जेवायला उशीर असेल तर जाड दूध घालायचंच थांबा, वाढायच्या आधी गरम करताना घाला. मी तर मेसवर वाढप सुरू होईपर्यंत जाड दूध वेगळ्या पातेल्यातच ठेवते.

पुरणाचं दुखणं वेगळं आहे. तिथं दोन्ही हवं असतं, म्हणून तिथं हात आवरायचा.

आमच्याकडं डाळ शिजवून जास्तीचं पाणी काढून घेण्याला येळणं म्हणतात आणि त्या पाण्याला येळवणी. पुण्याकडं त्याला कट म्हणतात. आमटी दोन्हीकडं होते, आमची जास्त झणझणीत होते एवढंच. तुम्ही डाळ गाळणीत ओतून पळीनं दाबलीत. त्यानं काय झालं, तर शिजलेली डाळ फुटून तिचा लगदा येळवणीत उतरला, म्हणून आमटी बुळबुळीत. आणि तळाच्या डाळीचा चिखल होऊन छिद्रं बंद झाली, म्हणून वरच्या डाळीतलं पाणी तसंच. दाबण्यानं डाळ कोरडी होण्याऐवजी ओली राहिली. डाळ रुंद चाळणीत पसरायची, ढीग करायचा नाही. पंधरा-वीस मिनिटं तशीच, मधे एकदा हलक्या हातानं खालीवर. पाणी खालून जातं आणि वाफ वरून जाते. वाफेचं महत्त्व लोकांच्या ध्यानात येत नाही. गरम डाळ झाकून ठेवली तर तीच वाफ पाणी होऊन परत डाळीत.

डाळ किती शिजवायची? बोटांत दाबली की पीठ व्हावी, पण चाळणीत बघताना डाळीचा आकार दिसावा. कुकरला किती शिट्ट्या हे मी सांगत नाही, तुमची डाळ जुनी की नवी, किती भिजवली, कुकर कसा, यावर आहे. एकदा जास्त शिजून लापशी झाली तर येळून काही उपयोग नाही. ती आटवावीच लागते, आणि त्या दिवशी आमटीचा नाद सोडायचा.

मग गूळ. वजनाला वजन, कोरड्या डाळीइतका. कमी गोड खाणाऱ्यांना पाऊणपट. गूळ पडला की पुरण पुन्हा पातळ होणारच, घाबरू नका. शाहू मार्केट यार्डात हंगामात नवा गूळ येतो तो मऊ आणि ओलसर असतो, त्याला आटवायला जास्त वेळ लागतो. जुना कडक गूळ असेल तर लवकर होतं. गुळात चिपाडाचा एखादा धागा किंवा खडा असतो, म्हणून मी तो आधी थोड्या येळवणीत वितळवून गाळणीतून गाळते. पुरणात लाकडी उलथणं उभं केलं आणि ते न पडता उभं राहिलं की झालं. तुमची पोळी फाटली ती इथं. पातळ पुरण कणकेला ओलं करतं, लाटणं फिरलं की ते वाट काढतंच.

आणि पुरण मिक्सरमध्ये का नको? बटाटा उकडून मिक्सरला लावून बघा एकदा. हातानं किसला तर मोकळा राहतो, मिक्सरमध्ये डिंकासारखा चिकट होतो. शिजलेल्या डाळीतही पिठाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर घासून काढताना त्या एकमेकींपासून सुट्या होतात, फुटत नाहीत. मिक्सरचं पातं त्या फोडतं, आतला स्टार्च बाहेर येतो आणि पुरण चिकट, लिबलिबीत होतं. वाटायचं ते गरम असतानाच. गार झालेलं पुरण यंत्रातून काढायला गेलात तर खांदा धरतो, हा माझा बेंदराचा अनुभव आहे. ऑर्डर मोठी होती, मी पुरण रात्री करून ठेवलं आणि सकाळी वाटायला घेतलं. दुपारी लाटणं उचलवेना.

बाकीची पटापट. चिंच कोळायची म्हणजे गरम पाण्यात अर्धा तास भिजवून बोटांनी चोळून गर सोडवायचा, मग गाळणीतून. मिक्सरला लावली की शिरा आणि चिंचोक्याची सालं बारीक होऊन गरात मिसळतात, ती नंतर कशानंच निघत नाहीत. कोशिंबिरीची काकडी मीठ लावून पिळायची, पण मीठ लावून दहा मिनिटं थांबल्यावर, आणि ते पाणी थालीपिठात घालायचं. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, आधी चाळणीतून नि मग फडक्यातून गाळायचा. तिथं पुढचं काम दाबण्यानं होतच नाही. रात्रभर पातेलं न हलवता ठेवलं की चीक तळाला बसतो आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. पातेलं उचलून दुसऱ्या ओट्यावर नेलंत तरी सगळं परत ढवळलं जातं, तेव्हा जागा आधीच ठरवा.

फडकं कुठलं? सुती, जुनं, मऊ झालेलं. आजोबांचं धोतर असेल तर त्याहून चांगलं काही नाही. इचलकरंजी जवळ असल्यामुळं आपल्याकडं सुती कापडाला तोटा नाही, पण नवं कापड आणलंत तर दोनदा उकळून घ्या. मी पहिल्या वर्षी दुकानातून नवंकोरं मलमल आणलं, नुसतं पाण्यातून काढलं आणि पाच लिटरचं दही त्यात बांधलं. कापडाला खळ होती. चक्क्याला भिजक्या लाह्यांसारखा वास लागला आणि पाडव्याच्या सकाळी मला तीन घरी हात जोडावे लागले. तेव्हापासून माझी फडकी वेगळी असतात, दुधादह्याचं एक, नारळ-मसाल्याचं एक, आणि दोन्ही एकमेकांत जात नाहीत. दह्याचं फडकं आधी गार पाण्यात धुवा. गरम पाण्यात टाकलंत तर दूध धाग्यात शिजून बसतं. मग उकळायचं, वासाची पावडर लावायची नाही, आणि कडक उन्हात वाळवायचं.

शेवटी तुम्ही विचारलंय की पाटा-वरवंटा घ्यावा का. भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर? नको. खालच्यांच्या शिव्या खाल, आणि पाट्यावर वाटायची सवय नसेल तर कंबर आठवडाभर बोलेल. महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात पुरणयंत्र मिळेल, ते घ्या. जाळी बारीक भोकांची घ्या आणि दांडा फिरवून बघूनच पैसे द्या, काहींचा दांडा जाळीला घासतच नाही. श्रीखंड त्याच यंत्रातून काढलं तरी चालेल, पण पुरणाच्या दिवशी नको. कितीही धुतलं तरी चक्क्याला हरभऱ्याचा वास येतो.